हिरवा कंदील आणि सिंहाचा वाटा



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेला आरंभ केला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या गावांना उन्हाळ्याच्या तोंडी विद्वानांची भाषणे ऐकण्याची गोडी लागली आहे. अशा व्यासपीठावर विद्वानांनीच बोलावे हा रिवाज योग्य आहे, आणि आज तो मोडला जात आहे याची आम्हांला जाणीव आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर, लेबर कोर्टाच्या बाकावर आणि जुन्या बाजारात मिळालेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर झाले. तिची पहिली आठ पाने फाटलेली होती. त्यामुळे आमचे इंग्रजी नवव्या पानापासून सुरू होते, असे आमचे मित्र थट्टेने म्हणतात.

इंग्रजी वाक्प्रचारांचा अर्थ आणि त्यांचा रोजचा वापर, हा विषय आम्ही सुचवला तेव्हा चिटणीसांना थोडे नवल वाटले. युनियनच्या माणसाने महागाईवर बोलावे, बोनसवर बोलावे; इंग्रजी बोलण्याच्या लकबींशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आम्ही नुकसान करून घेऊन शिकलो आहोत. ती हकिगत आधी सांगतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी इकडच्या एका कारखान्यातून अकरा कामगारांना कमी करण्यात आले. आम्ही तेव्हा पंचविशीत होतो, आणि युनियनमध्ये इंग्रजी वाचता येणारे आम्ही एकटेच होतो. दोन महिन्यांनी मालकांचे पत्र आले. अकराही जणांना पुन्हा कामावर घेण्याची तयारी त्यात दाखवली होती, आणि माथ्यावर ठळक अक्षरांत 'विदाउट प्रेज्युडिस' असे छापले होते. प्रेज्युडिस म्हणजे पूर्वग्रह, असे आम्ही कोशात पाहिले. फाटकावर सभा घेतली आणि सांगितले, "मालक म्हणतात, मनात किल्मिष न ठेवता या." मंडळी खूश झाली. गूळ-शेंगदाणे वाटले गेले. दुसऱ्या दिवशी कामावर जाताना अकरा जणांनी एका पावतीवर सह्या केल्या. तिच्यात 'फुल अँड फायनल सेटलमेंट' असे शब्द होते. "फुल म्हणजे पूर्ण मिळाले, फायनल म्हणजे भांडण मिटले," हा अर्थही आम्हीच सांगितला.

पुढे मागच्या पगाराचा आणि जुन्या नोकरीचा प्रश्न निघाला, तेव्हा एका वृद्ध वकीलसाहेबांनी आम्हांला समोर बसवून खरा अर्थ सांगितला. 'विदाउट प्रेज्युडिस' याचा अर्थ "आमच्या हक्कांना बाध न येता" असा आहे. मी हे देऊ करतो आहे, पण त्यावरून मी काही कबूल केले असे उद्या म्हणू नका, असे त्या दोन शब्दांत पत्र लिहिणारा सांगत असतो. आणि 'फुल अँड फायनल' म्हणजे यापुढे तुमचे आमच्याकडे काही येणे उरले नाही. अकरांपैकी चौघांची नोकरी पंधरा वर्षांच्या वर झालेली होती. त्या सहीमुळे त्यांचा दावा लंगडा पडला. त्यांच्यातले एक नाना होते. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "भाऊ, तुम्हाले इंग्रजी येते म्हनून आम्ही सही केली."

हे वाक्य आम्ही विसरलो नाही. त्या दिवशी आम्ही एक वही घातली आणि कामगाराच्या वाटेत येणारा प्रत्येक इंग्रजी वाक्प्रचार, तो कोठून आला, त्याचा शब्दशः अर्थ काय आणि चालता अर्थ काय, हे लिहून ठेवू लागलो. आजचे भाषण त्या वहीतले आहे.

वाक्प्रचार म्हणजे ज्याच्या शब्दांची बेरीज केली असता अर्थ हाती येत नाही असे बोलणे. आपल्याकडचेच पाहा. मराठीत 'त्याला नारळ दिला' असे कोणी म्हटले, तर परक्या माणसास वाटेल की त्याचा सत्कार झाला. कारण सत्कारातही आपण शाल आणि नारळच देतो. पण नोकरीच्या संदर्भात नारळ मिळाला याचा अर्थ नोकरी गेली. इंग्रज त्याच प्रसंगी 'सॅक' दिली असे म्हणतो. सॅक म्हणजे पिशवी. पूर्वी तिकडचे कारागीर आपली हत्यारे पिशवीत घालून कामावर येत. मालकाने पिशवी हाती दिली की समजावे, काम संपले, असे या बोलण्याचे मूळ सांगतात. संस्कृतात गळा धरून बाहेर घालवण्याला 'अर्धचंद्र देणे' म्हणतात, कारण अंगठा आणि बोटे यांच्यामध्ये अर्ध्या चंद्राचा आकार होतो. नोकरीवरून काढणे ही गोष्ट एकच. एका देशाने तिच्यात पिशवी पाहिली, दुसऱ्याने नारळ, तिसऱ्याने चंद्र. सांगण्याचा मतलब, वाक्प्रचार ही त्या त्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट असते. ज्याने ती पाहिली त्याला अर्थ सांगावा लागत नाही, आणि ज्याने पाहिली नाही त्याला नुसता कोश पुरत नाही.

आता खान्देशात हे इंग्रजी बोलणे कोणत्या वाटांनी आले ते पाहू. आमच्या मते वाटा तीन आहेत. पहिली रुळांची, दुसरी पुस्तकांची आणि तिसरी सरकारी कागदांची.

पहिली वाट रुळांची. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. थळ घाट ओलांडून जी. आय. पी. कंपनीची लाइन १८६० च्या दशकात खान्देशात उतरली आणि १८६७ साली भुसावळवरून नागपूरपर्यंत गेली. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही गावे एका रेषेत बांधली गेली. चाळीसगावहून धुळ्याला फाटा निघाला, आणि सुरतेकडून ताप्तीच्या खोऱ्यातून अमळनेरवरून दुसरी लाइन जळगावला येऊन मिळाली. भुसावळ हे तर रेल्वेनेच मोठे केलेले गाव. तेथल्या लोकांनी इंग्रजी शाळेत शिकण्याच्या आधी यार्डात ऐकले.

'हिरवा कंदील दाखवणे' हा वाक्प्रचार आज मराठीत इतका मुरला आहे की मंत्री योजनेला हिरवा कंदील दाखवतात आणि वडील लग्नाला. इंग्रज येथे नुसता हिरवा दिवा, हिरवा प्रकाश म्हणतो. आपण कंदील म्हणतो. कारण आपल्या माणसाने रात्रीच्या वेळी गार्डाच्या हातात रॉकेलवर जळणारा, रंगीत काच फिरवता येणारा कंदीलच पाहिला होता. कोशातून भाषांतर केले असते तर आपण दिवा म्हटले असते. कंदील हा शब्द साक्षीदाराचा आहे. गंमत अशी की खुद्द ब्रिटनमध्ये आगगाडीच्या आरंभीच्या काळात 'रस्ता मोकळा' यासाठी पांढरा दिवा असे आणि हिरव्याचा अर्थ 'जपून चला' असा होता. हिरवा म्हणजे 'जा' हा अर्थ तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पक्का झाला. तेव्हा वाक्प्रचाराचा अर्थ देवाने ठरवलेला नसतो. माणसे तो ठरवतात आणि बदलतातही.

त्याच यार्डातून 'लाइन क्लिअर' आली. दोन स्टेशनांमधला मार्ग मोकळा असल्याची खूण मिळाल्याशिवाय मास्तर गाडी सोडत नाहीत. आज खान्देशात सासऱ्याचा होकार आला की पोरगा मित्रांना "लाइन क्लिअर" असे कळवतो. 'गाडी रुळावर येणे', 'रुळावरून घसरणे', 'साइडिंगला टाकणे', 'शंटिंग करणे' ही बोलणी अशीच घरात आली. कामाविना इकडून तिकडे फिरणाऱ्याला आमच्या आजोबा "काय शंटिंग चाललंय?" असे विचारीत. त्यांना एबीसीडी येत नव्हती; पण शंटिंग म्हणजे काय हे ते इंग्रजीच्या प्राध्यापकाइतके जाणत होते, कारण त्यांनी इंजिनाला डबे लावले होते.

रुळांच्या पाठोपाठ कापसाची यंत्रे आली. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, आणि खान्देशच्या कापसाला भाव आला. सरकी काढण्याच्या यंत्राला इंग्रजीत 'जिन' म्हणतात, आणि तो शब्द 'इंजिन' याचेच आखूड रूप आहे. आपण त्या यंत्राचे नाव जागेला दिले. "जिनात कामाला जातो" असे खान्देशी माणूस सहज म्हणतो. 'प्रेस' म्हटले की पुण्याच्या माणसाला छापखाना आठवतो, जुन्या खान्देशी माणसाला कापसाच्या गाठी बांधण्याचा कारखाना. १८७० च्या दशकात जळगावला खान्देश मिल उभी राहिली. पुढे अमळनेरला प्रताप मिल झाली, धुळे आणि चाळीसगावलाही गिरण्या निघाल्या. जळगावच्या मिलचा भोंगा आता वाजत नाही. पण त्या गिरण्यांचे शब्द गावात राहिले आहेत: मस्टर, जॉबर, पाळी, ओव्हरटाइम, खाडा, बदली.

या गिरण्यांमध्ये एक इंग्रजी वाक्प्रचार आला, त्याकडे आपण लक्ष द्यावे अशी विनंती आहे. विलायतेतले मालक कामगारांना 'हँड्स' म्हणत. हँड्स म्हणजे हात. शंभर कामगार हवे असतील तर शंभर हात पाहिजेत म्हणायचे. डोके, पोट, बायकामुले यांचा त्या शब्दात हिशेब नाही. चार्ल्स डिकन्स या इंग्रज कादंबरीकाराने 'हार्ड टाइम्स' या १८५४ च्या कादंबरीत या बोलण्यावर चांगलीच टीका केली आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत कामगारांची संघटना काढली, तिचे नावही 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' असेच होते. मालकाने दिलेला शब्द त्यांनी घेतला, पण त्या हातांना तोंड दिले. त्या हातांनी अर्जावर सह्या केल्या, आठवड्याची सुट्टी मागितली, आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळवली. रविवारी दुपारी आपण निवांत पडतो तेव्हा या हातांची आठवण ठेवावी.

आमच्या मराठीतही कामगारासाठी हाताचाच वाक्प्रचार आहे: 'हातावर पोट असणे'. इंग्रज 'हँड टु माउथ', म्हणजे हातातून तोंडात, असे म्हणतो. दोन्ही बोलणी जवळची आहेत. तथापि आपल्या बोलण्यात हाताला पोट जोडलेले आहे, आणि गिरणीच्या 'हँड्स'मध्ये ते तोडलेले आहे. हा फरक आम्हांला मोठा वाटतो.

'स्ट्राइक' आणि 'संप' यांचेही असेच आहे. १७६८ साली लंडनच्या खलाशांनी मजुरीच्या तंट्यात जहाजांची शिडे खाली उतरवली. शिडे उतरवणे याला ते स्ट्राइक म्हणत, त्यावरून काम बंद पाडण्याला तो शब्द पडला. म्हणजे इंग्रजाच्या डोळ्यांपुढे उतरलेले शीड आहे. आपला 'संप' हा शब्द पाहा. सुरतेच्या बाजूच्या आपल्या शेजाऱ्यांच्या गुजरातीत आजही संप म्हणजे एकोपा. ते लोक "घरात संप असावा" असा आशीर्वाद देतात, आणि आपला माणूस दचकतो. काम थांबवणे ही एकच कृती. इंग्रजी शब्दात थांबणे दिसते, आपल्या शब्दात एकत्र येणे दिसते. १८९९ साली याच जी. आय. पी. रेल्वेच्या तारायंत्रावरील सिग्नलरांनी संप केला आणि टिळकांच्या पत्रांनी त्यांची बाजू घेतली. ८ मे १९७४ रोजी देशभरच्या रेल्वे कामगारांनी संप केला. हे संप किती यशस्वी झाले हा निराळा प्रश्न. पण ते उभे राहिले ते एकोप्यावर.

शब्दांची ये-जा एकाच दिशेने झाली असे मात्र कोणी समजू नये. मुंबईच्या डोंगरी भागातल्या जाड्याभरड्या कापडाचे नाव इंग्रजीत 'डंगरी' झाले आणि जगभरच्या कामगारांच्या अंगावर गेले. आपल्या गिरणीतली 'बदली' तर थेट कायद्यात जाऊन बसली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'बदली वर्कमन' असा शब्द होता, आणि त्याचा अर्थ इंग्रजीत समजावून दिलेला होता. इंग्रजी कायद्याला आपला शब्द समजावून घ्यावा लागला, ही गोष्ट आम्ही तरुण कामगारांना मुद्दाम सांगतो.

दुसरी वाट पुस्तकांची. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश. १८७४ पासून विष्णुशास्त्री चिपळूणकरांची निबंधमाला निघू लागली. इंग्रजीला ते वाघिणीचे दूध म्हणत हे प्रसिद्धच आहे, पण त्यांना मराठीच्या स्थितीची काळजी तितकीच होती. शाळा, क्रमिक पुस्तके आणि वर्तमानपत्रे यांच्यामधून पुष्कळ इंग्रजी बोलणी मराठी पोशाख करून आली. 'एका दगडात दोन पक्षी', 'पांढरा हत्ती', 'नक्राश्रू', 'सुवर्णमध्य', 'लालफीत', 'काळी यादी', 'पोलादी पडदा' ही त्यांपैकी काही. लालफीत म्हणजे सरकारी दप्तरे बांधण्याची खरीखुरी तांबडी फीत. जिल्हा कचेरीत खेटे घातलेल्या माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नाही.

या वाटेने आलेल्या बोलण्यांत एकाची कथा आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते. ते म्हणजे 'सिंहाचा वाटा'. आपण सभेत नेहमी ऐकतो, "या शाळेच्या उभारणीत अमुक दादासाहेबांचा सिंहाचा वाटा आहे." दादासाहेब संतोषाने मान हलवतात. आता मूळ गोष्ट काय आहे? सिंहाने इतर जनावरांशी भागीदारी केली. सर्वांनी मिळून शिकार केली. वाटणीची वेळ आली तेव्हा सिंह म्हणाला, पहिला वाटा माझा, कारण मी राजा. दुसरा माझा, कारण मी बलवान. आणि उरलेल्यास कोणी हात लावून पाहावा! म्हणजे सिंहाचा वाटा म्हणजे सगळाच्या सगळा. इंग्रजीत त्याचा अर्थ सौम्य होऊन 'सर्वांत मोठा हिस्सा' झाला. मराठीत तर तो पार उलटला. इसापाचा सिंह वाटा घेत होता, आमचे दादासाहेब वाटा उचलतात. लुटीचा शब्द कष्टाच्या गौरवाचा झाला.

कोणी म्हणेल, अर्थ बदलला तर बिघडले कोठे? बिघडले काही नाही. आपण तो खुशाल वापरावा. पण गोष्ट विसरू नये. ज्या समाजाला सिंहाच्या वाट्याची मूळ गोष्ट आठवत नाही, त्याला वाटणीच्या वेळी प्रश्न सुचत नाहीत. शब्दांच्या पोटात असा इतिहास असतो, हे खान्देशाला वेगळे सांगायला नको. इतिहासाचार्य राजवाडे यांचे देहावसान ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास झाले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे आजही आहे. जुनी दप्तरे धुंडाळणाऱ्या या माणसाने धातूंचा आणि व्युत्पत्तींचा कोश रचण्यासाठी तितकेच कष्ट उपसले. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. तरी जात्यापाशी आणि शेताच्या बांधावर त्यांनी जी भाषा घडवली, ती १९५२ साली पुस्तकरूपाने आली तेव्हा शिकलेल्या महाराष्ट्राने मान लववली. एकाने शब्दाचे मूळ खणले, दुसरीने शब्द नव्याने पेरला. आपल्या भागाचा हा दुहेरी वारसा आहे.

तिसरी वाट कागदांची, आणि हीच सर्वांत अवघड. १८८१ पासून फॅक्टरीचे कायदे झाले. १९२६ साली ट्रेड युनियनचा कायदा, १९४६ साली मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४७ साली औद्योगिक विवाद कायदा झाला. या कायद्यांनी कामगाराला हक्क दिले, ही गोष्ट कृतज्ञतेने सांगितली पाहिजे. पण ते इंग्रजीत दिले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, आणि 'शो-कॉज'ची 'कारणे दाखवा' नोटीस झाली. हे काम मोलाचे आहे. तरीही खासगी कारखान्यातले नेमणूकपत्र, राजीनाम्याचा नमुना, हिशेबाची पावती ही बहुधा इंग्रजीतच राहिली.

यार्डातले इंग्रजी आणि कागदातले इंग्रजी यांत फरक हा की, यार्डातले आपल्या माणसाने पाहिले होते आणि कागदातले कोणी दाखवले नाही. 'शंटिंग' कळायला कोश लागला नाही. 'विदाउट प्रेज्युडिस' कळायला कोश पुरला नाही. कागदातली सगळीच बोलणी कामगाराच्या विरुद्ध असतात असेही नाही. 'लास्ट कम, फर्स्ट गो' हे बोलणे घ्या. शेवटी आला तो आधी जाईल, असा त्याचा अर्थ. १९४७ च्या कायद्यात कामगार कमी करताना सामान्यतः हाच क्रम पाळावा असा नियम होता, म्हणजे जुन्या माणसाला मर्जीप्रमाणे काढता येऊ नये. हे तीनचार शब्द ज्याला ठाऊक होते त्याची नोकरी वाचली, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यात असे कलम होते की, त्या कायद्याविरुद्ध कोणताही करार केला असला तरी कायदाच वरचढ राहील. म्हणजे 'फुल अँड फायनल' वर सही झाली म्हणून ग्रॅच्युइटी बुडत नव्हती. नानांच्या वेळी आम्हांला हे ठाऊक असते, तर निदान तेवढा पैसा तरी आम्ही पहिल्याच दिवशी मागितला असता. तो मिळाला, पण चार वर्षांनी.

१९९१ नंतर 'गोल्डन हँडशेक' आला. स्वेच्छानिवृत्तीच्या रकमेला दिलेले हे नाव. सोनेरी हस्तांदोलन! रक्कम घेऊन घरी आलेल्या कितीतरी जणांचे सोने वर्षादोन वर्षांत मुलीच्या लग्नात आणि घराच्या डागडुजीत संपले, आणि हात मोकळे राहिले. जुन्या भाषेत याला नारळ म्हणत. नारळ म्हटले की माणूस सावध होतो. सोनेरी हस्तांदोलन म्हटले की सही करतो.

२०१९ साली एक आणि २०२० साली तीन, अशा चार कामगार संहिता संसदेने मंजूर केल्या. त्या काळात 'ईज ऑफ डुइंग बिझनेस' हे बोलणे फार ऐकू आले. धंदा करण्यातली सुलभता, असे त्याचे भाषांतर होते. सुलभता कोणाला नको आहे? पण त्याच २०२० च्या संहितेत, कामगार कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याची अट शंभर कामगारांच्या कारखान्यावरून तीनशेच्या कारखान्यावर नेली गेली. ही सुलभता कोणाची, असा प्रश्न शब्दाने विचारला नाही. तो आपण विचारायचा आहे. तसेच 'गिग' या शब्दाचे. अमेरिकेतले वाजंत्रीवाले एका रात्रीच्या कार्यक्रमाला गिग म्हणत. आज जळगावच्या रस्त्यावर पाठीला चौकोनी पिशवी अडकवून दुचाकीवर धावणारा मुलगा गिग कामगार आहे. त्याच्या फोनवर मात्र त्याला 'पार्टनर' म्हणतात. पार्टनर म्हणजे भागीदार. इसापाच्या गोष्टीतली जनावरेही सिंहाची भागीदारच होती.

याचा अर्थ इंग्रजी टाकावे असा नाही. उलट आमचे म्हणणे असे की, ते कामगाराच्या मुलाने पोटभर शिकावे, पण डोळ्यांनी शिकावे. दर रविवारी युनियनच्या खोलीत आम्ही काही मंडळी बसतो आणि एक इंग्रजी बोलणे घेऊन त्याला खान्देशी जोडीदार शोधतो. 'न्यू कॅसलला कोळसा नेणे' असे बोलणे निघाले. न्यू कॅसल हे विलायतेतले कोळशाचे बंदर, एवढे सांगताच मागून एक पोरगा ओरडला, "म्हणजे रावेरला केळी विकायला नेणं!" त्याला दुसरा अर्थ सांगावा लागला नाही. 'मेक बोथ एंड्स मीट' याला एका आजीबाईंनी 'तोंडमिळवणी' हा आपला जुना हिशेबी शब्द दिला. असे झाले की इंग्रजी परके राहत नाही आणि मराठी दुबळी वाटत नाही.

कागद हाती आला की आम्ही तेथे तीन प्रश्न विचारायला शिकवतो. हे बोलणे प्रथम कोणी केले? यात डोळ्यांपुढे काय उभे राहते? आणि याने काय झाकले जाते? तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत सही करायची नाही. चौथा नियम आमच्यासारख्या अर्धवट इंग्रजी येणाऱ्यांसाठी आहे: अर्थ ठाऊक नसेल तर "ठाऊक नाही, विचारून सांगतो" असे म्हणावे. आम्ही त्या दिवशी फाटकावर एवढे म्हटले असते, तर गूळ-शेंगदाणे दोन दिवस उशिरा वाटले गेले असते, बाकी काही नुकसान नव्हते.

नाना आता नाहीत. त्यांचा नातू आमच्या रविवारच्या बैठकीला येतो. मागच्या महिन्यात त्याने नव्या नोकरीचे नेमणूकपत्र आणले, आमच्यापुढे ठेवले नाही, स्वतःच मोठ्याने वाचले, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "भाऊ, याचा अर्थ कळल्याशिवाय मी सही करत नाही." त्या ओळीचा अर्थ आम्हांलाही ठाऊक नव्हता. आम्ही दोघे मिळून विचारायला गेलो.